निवडणूक याचिका : प्रतिवादी कोण?

परमपूज्य बाबासाहेबांमुळे आपल्या हाती मताचा अधिकार आला. मत कसे द्यावे हे आपण शिकलो. परंतु निवडणुकीत अन्याय झाल्यास दाद कोणाविरुद्ध मागावी, हे फार थोड्यांना ठाऊक असते. विद्यार्थी बंधू-भगिनींसाठी हा विषय येथे थोडक्यात मांडत आहोत.

१९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबई मतदारसंघात नारायण काजरोळकर यांनी बाबासाहेबांचा पराभव केला. बाबासाहेब आणि समाजवादी नेते अशोक मेहता यांनी निकालाला निवडणूक याचिकेद्वारे आव्हान दिले. घटनेच्या शिल्पकारांनाही मार्ग तोच होता. कारण अनुच्छेद ३२९ प्रमाणे संसद व विधानसभेच्या निवडणुकीला केवळ याचिकेनेच आव्हान देता येते.

१९६६ च्या दुरुस्तीनंतर ही याचिका उच्च न्यायालयात चालते. धुळे जिल्ह्यासाठी ते औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) खंडपीठ होय. उमेदवार किंवा मतदार निकालापासून ४५ दिवसांत ती दाखल करू शकतो. २००० रुपये अनामत भरावी लागते.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ८२ नुसार प्रतिवादी असे :

१) केवळ निवडणूक रद्द करण्याची मागणी असल्यास – निवडून आलेला उमेदवार.

२) त्याशिवाय ‘मला किंवा अमक्याला विजयी घोषित करा’ अशीही मागणी असल्यास – निवडणूक लढविलेले सर्व उमेदवार.

३) ज्या उमेदवारावर भ्रष्ट मार्गाचा आरोप केला आहे तो. त्याने नंतर माघार घेतली असली तरीही.

यांपैकी एक नाव राहिले, तर कलम ८६ प्रमाणे याचिका फेटाळली जाते. बँकेत खात्यावर रक्कम असूनही सहीअभावी चेक परत जातो, तसाच हा प्रकार. पुरावा कितीही भक्कम असो, तो पाहिलाच जात नाही.

समजा, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने उमेदवारी अर्ज चुकीने फेटाळला. आपला राग अधिकाऱ्यावर असतो. पण प्रतिवादी होतो विजयी उमेदवार, जरी त्याचा काही दोष नसला तरी. कारण जागा त्याची जाणार असते. ऐकून न घेता कोणाची जागा काढून घेणे न्याय नव्हे. ज्योती बसू विरुद्ध देबी घोषाल (१९८२) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कायद्याने सांगितलेल्यांखेरीज इतरांना प्रतिवादी करता येत नाही. मंत्रीही त्यातून सुटत नाही आणि अडकतही नाही. तो उमेदवार आहे की नाही, एवढेच पाहिले जाते.

मग उमेदवार नसलेला पुढारी मोकळाच का? नाही. विलेपार्ले पोटनिवडणुकीच्या (१९८७) खटल्यात डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली. बाळासाहेब ठाकरे उमेदवार नव्हते. तथापि कलम ९९ प्रमाणे नोटीस देऊन न्यायालयाने त्यांनाही दोषी ठरविले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला.

गावपातळीवर कायदे निराळे आहेत. ग्रामपंचायतीसाठी मुदत १५ दिवसांची, तर नगरपंचायतीसाठी अवघी १० दिवसांची असते. म्हणून निकालाच्या दुसऱ्याच दिवशी उमेदवारांची यादी व निकालपत्राच्या नकला मिळवाव्यात आणि वकिलाकडे जावे. चौकातील बाचाबाचीने जागा परत मिळत नाही. ‘शिका’ या आदेशात कायदा शिकणेही येते.