नाली आधी, फरशी नंतर

नाशिक

चि. ताईस,


तुझं पत्र आणि सोबतचा नकाशा मिळाला. गोंडपिपरीत तुमच्या बचत गटाने मोहफूल, जांभूळ आणि सीताफळाचं प्रक्रिया केंद्र काढायचं ठरवलं आणि शेडचे खांबही उभे राहिले, हे वाचून फार आनंद झाला. यंत्रांची यादी तू विचारपूर्वक केली आहेस. नालीसाठी मात्र नकाशात भिंतीच्या कडेने एक रेघ ओढली आहे आणि शेजारी लिहिलं आहे, 'मिस्त्री पाहून घेतील.' हे पत्र त्या एका रेघेबद्दल आहे.

माझी सगळी नोकरी फळप्रक्रियेच्या कारखान्यांत देखभालीचं काम करण्यात झाली. पल्पर, म्हणजे गर काढणारं यंत्र, बिघडला तर दुसरा आणता येतो. नाली चुकली तर फरशी फोडावी लागते, आणि फरशी फोडायची म्हणजे ऐन हंगामात काम बंद. शिवाय चुकलेली नाली पल्परसारखी आवाज करून सांगत नाही. ती महिनोन्महिने गुपचूप माल बिघडवत राहते. म्हणून कोबा पडायच्या आधी दोन दिवस या विषयाला दे.

2011 साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात एका शेतावरच्या पॅकिंग शेडमधून खरबुजं बाजारात गेली आणि त्यातून लिस्टेरिया नावाच्या जंतूची साथ पसरली. 147 माणसं आजारी पडली, 33 दगावली. तपासणीला गेलेल्या अधिकाऱ्यांना तिथे काय दिसलं? यंत्रांजवळ आणि कामगारांच्या वाटेवर जमिनीवर साचलेलं पाणी, आणि नीट धुताच येऊ नये अशी फरशी नि यंत्रं.  पाणी साचत राहिलं, आणि साथीमागचं तेही एक कारण मानलं गेलं.

हा जंतू ओल्या, गार जागेत मुक्काम करतो. फ्रिजच्या 4 अंशांतही तो वाढतो. डीप फ्रीजमध्ये वाढत नाही, पण मरतही नाही. नालीच्या कोपऱ्यात तो स्वतःभोवती चिकट थर करून राहतो, आणि त्या थरावरून नुसतं औषधाचं पाणी सोडलं तर वरचा भाग तेवढा मरतो. गरोदर बायका, तान्ही मुलं आणि म्हाताऱ्या माणसांना तो सर्वांत जास्त बाधतो.

आता तुमच्या मालाकडे बघ. जांभळाचा रस आंबट असतो आणि तुम्ही तो तापवणार. मोहाचा पाकही उकळणार. सीताफळाचं तसं नाही. त्याचा गर तापवला की कडवट होतो, म्हणून तो कच्चाच काढून गोठवतात. जंतू मारणारी आच त्याला कुठेच लागत नाही. ज्या खोलीत गर निघतो त्या खोलीची जमीन जितकी स्वच्छ, तितकाच तो गर स्वच्छ. तुमच्या केंद्रात नालीचं महत्त्व सर्वांत जास्त कुठे आहे, ते यावरून ठरव.

पहिली गोष्ट जागेची. नकाशावर दोन रंगांचे बाण काढ. हिरवा बाण मालाचा: फळ आत येतं, धुतलं जातं, सोललं जातं, गर निघतो, भरला जातो. लाल बाण सांडपाण्याचा. हे दोन बाण एकमेकांच्या उलट दिशेने गेले पाहिजेत. भरण्याच्या खोलीतलं पाणी धुण्याच्या खोलीकडे यावं आणि तिथून बाहेर पडावं. माती, साल आणि कुजकं फळ धुतलेलं पाणी भरण्याच्या टेबलाखालून कधीच जाऊ नये. हे माझं घरगुती मत नाही. अन्नसुरक्षा कायद्याखालच्या 2011 च्या परवाना व नोंदणी नियमांत, अनुसूची 4 मध्ये, फरशीला योग्य ढाळ असावा आणि सांडपाणी उत्पादनाच्या उलट दिशेने वाहावं असं स्पष्ट लिहिलं आहे. नालीतून किडे-उंदीर आत येऊ नयेत याची व्यवस्थाही तिथे मागितली आहे.

जिथे ओलं काम नाही, तिथे नालीच ठेवू नकोस. वाळलेली मोहफुलं साठवण्याची आणि कोरडा माल पॅक करण्याची खोली झाडून-पुसून साफ करायची. तिथे नाली दिली की कुणीतरी पाण्याची नळी घेऊन येणारच, आणि ओल लागलेल्या मोहाला बुरशी धरायला वेळ लागत नाही. संडास-बाथरूमचा पाईप कामाच्या जागेखालून नेऊ नकोस. तो वेगळ्या वाटेने थेट बाहेर काढ. टब आणि यंत्रांचे निचऱ्याचे पाईपही नालीत बुडवून ठेवू नकोस. मध्ये वीतभर मोकळी हवा असू दे, म्हणजे नालीतली घाण पाईपातून वर चढणार नाही.

दुसरी गोष्ट ढाळ. दर मीटरला 12 ते 16 मिलिमीटर, म्हणजे दहा फुटांना दीड ते दोन इंच. त्याहून कमी दिला तर पाणी रेंगाळतं, फार जास्त दिला तर ट्रॉली आपोआप पळते आणि भरलेलं घमेलं घेऊन चालणारी बाई घसरते. मिस्त्री 'अंदाजाने देतो' म्हणाले तर नम्रपणे नाही म्हण. लेव्हल पाईप लावायला सांग आणि स्वतः उभी राहा. फरशी झाल्यावर शेवटचं बिल देण्याआधी बादल्यांनी पाणी ओतून बघ. पंधरा मिनिटांनी जिथे डबकं दिसेल तिथे खडूने गोल कर आणि तेवढा भाग पुन्हा करून घे.

आता प्रत्यक्ष नाली. कॅटलॉगमध्ये बोटभर फटीच्या, वर जाळी नसलेल्या नाल्या दिसतील. दिसायला त्या फार नीटनेटक्या असतात आणि नुसतं पाणी जाणाऱ्या जागी चांगल्याही चालतात. तुमच्याकडे जांभळाच्या आणि सीताफळाच्या बिया आहेत. त्या फटीत अडकतील आणि आत हात जाणार नाही. धुण्याच्या टबांसमोर वर उचलता येणारी जाळी असलेली रुंद नाली घ्या. गर काढण्याच्या खोलीत मधोमध एक चौकोनी ट्रॅप (तळाशी पाणी धरून ठेवणारा निचरा) पुरेल. दोन्हीकडे बिया-साली अडवणारी, बाहेर काढता येणारी गाळणी हवी.

आकार मोजून ठरव. 200 लिटरचा टब दोन मिनिटांत रिकामा केला तर सेकंदाला दीड लिटरहून जास्त पाणी येतं, आणि दोन टब एकदम सोडले तर तीन लिटरहून जास्त. विकणाऱ्याला विचार, तुमची नाली सेकंदाला किती लिटर घेते? त्याला उत्तर देता आलं नाही तर दुसऱ्याकडे जा.

धातू स्टेनलेस स्टील, 304 प्रतीचं. लोणच्यासारखं मिठाचं काम पुढे सुरू केलंत तर तेवढ्या भागासाठी 316 घ्या. मिठाच्या आणि क्लोरीनच्या माऱ्याला ते जास्त टिकतं. साध्या लोखंडाची रंगवलेली जाळी स्वस्त पडते, पण तिचा रंग उडतो, गंज चढतो आणि गंजाच्या खरबरीत अंगावर तोच चिकट थर बसतो. कारागिराकडून बनवून घेणार असाल तर या गोष्टी लेखी द्या: तळ सपाट नको, गोलसर हवा आणि त्याला निचऱ्याकडे स्वतःचा उतार हवा. आतले कोपरे काटकोनी नकोत, गोलाई किमान 3 मिलिमीटर हवी. वेल्डिंग सलग हवं, ठिपक्याठिपक्यांचं नको, आणि घासून गुळगुळीत केलेलं हवं. माल आला की आतून बोट फिरव. जिथे बोट अडेल तिथे घाणही अडेल.

स्टील आणि फरशी जिथे भेटतात ती कड सर्वांत नाजूक. 1 मीटर लांबीची स्टीलची नाली 60 अंशांनी तापली की सुमारे 1 मिलिमीटर वाढते, काँक्रीट त्या मानाने कमी आणि सावकाश वाढतं. तुम्ही पाकाची कढई धुऊन कढत पाणी ओतणार, म्हणजे ही ओढाताण रोजची. कडेखाली पोकळी राहू देऊ नका, काँक्रीट नीट ठासून भरा आणि सांधा लवचिक सीलंटने बुजवा. नाहीतर वर्षभरात तिथे भेग पडते, पाणी खाली मुरतं, आणि फरशीखाली कुणाला न दिसणारी घाण साठते.

फरशीसाठी तू कोटा लिहिली आहेस. ऑफिसला आणि कोरड्या खोलीला ती उत्तम. ओल्या खोलीत मात्र नको. कोटा म्हणजे चुनखडीचाच दगड, फळांचं आम्ल त्याला खातं, आणि सांध्यांतलं सिमेंट त्याच्याही आधी जातं. पातळ इपॉक्सी गरम पाण्याने उचकटतो. धुण्याच्या आणि गराच्या खोलीत पीयू (पॉलियुरेथेन) काँक्रीटची सलग फरशी करा, भिंतीला गोलाई देऊन वर चढवलेली. पैसे कमी पडत असतील तर टाइल्स, फॉल्स सिलिंग, बाहेरची रंगरंगोटी पुढच्या वर्षी करा. या दोन खोल्यांत काटकसर नको.

ट्रॅपमधलं पाणी तुमच्या भागात विशेष जपावं लागेल. ते साधारण 50 मिलिमीटर पाणी म्हणजे बाहेरची दुर्गंधी, झुरळं आणि चिलटं अडवणारं दार. मोहाचं काम मार्च-एप्रिलचं, जांभूळ जूनमध्ये येणार. मधल्या मे महिन्यात केंद्र बंद आणि बाहेर 45 अंशांच्या वर ऊन. ते पाणी आटून जातं, आणि जूनमध्ये कुलूप काढाल तेव्हा झुरळांनी घर केलेलं असतं. बंद काळातही दर आठवड्याला प्रत्येक ट्रॅपमध्ये पाणी ओतायची पाळी लावा. जंगलाचा भाग आहे, उंदीर-घुशी आल्या की त्यांच्या मागे साप येतो. म्हणून नालीच्या बाहेरच्या तोंडाला घट्ट स्टीलची जाळी हवी. पावसाळ्यात बाहेरचं चेंबर तुंबून पाणी उलटं आत येऊ नये यासाठी पाईपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा आणि मृगाआधी तो उघडून तपासा.

बाहेर पडलेलं पाणी कुठे जातं, तेही तुमच्याच अंगावर आहे. गोड पाणी निरुपद्रवी वाटतं, पण ते तलावात गेलं की त्यावर जंतू वाढतात, पाण्यातला प्राणवायू खातात आणि मासे मरतात. मागच्या बोडीत (छोट्या तळ्यात) किंवा मामा (माजी मालगुजारी) तलावात ते सोडू नका. आधी जाळी, मग गाळाची टाकी, मग प्रदूषण नियंत्रण मंडळ सांगेल ती प्रक्रिया. बिया-सालींचं खत करा. तुमच्या तालुक्यातल्या पाचगावने 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून जंगल कसं राखायचं आणि त्यावर कसं जगायचं ते दाखवलं आहे. त्याच जंगलाचं फळ तुम्ही विकणार, तर त्याचं पाणी बिघडवू नका.

शेवटचं आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं. मी देखणी, महागडी नाली बसवलेले कारखाने पाहिले आहेत. एका ठिकाणी जाळी इतकी जड होती की ती उचलायला दोन पुरुष लागत, आणि धुणाऱ्या दोघी बायका होत्या. ती जाळी वर्षभर उचललीच गेली नाही. खाली काय होतं ते लिहीत नाही. नाली किती भारी आहे यावर तिची स्वच्छता ठरत नाही, ती रोज उघडली जाते का यावर ठरते.

म्हणून रोजचा क्रम आत्ताच बसव. आधी साली-बिया कोरड्याच गोळा करायच्या, पाण्याने नालीत ढकलायच्या नाहीत. गाळणी रिकामी करायची, जाळी आणि ट्रॅपचा पेला काढायचा, साबणाने ब्रशने घासायचं. हा ब्रश वेगळ्या रंगाचा असावा आणि टेबलाला कधी लागू नये. जोराच्या फवाऱ्याने नाली धुवायची नाही, त्याने जंतूंचे तुषार टेबलांवर उडतात. नाली झाल्यावरच यंत्रांना शेवटचं निर्जंतुक करणारं पाणी मारायचं, आणि क्लोरीनचं पाणी स्टीलवर तसंच वाळू द्यायचं नाही.

आणि खरेदीच्या दिवशी विक्रेत्याला नमुना घेऊन गोंडपिपरीलाच बोलाव. तुमच्या गटातल्या ज्या बाया रोज संध्याकाळी ती नाली धुणार, त्यांच्यासमोर ठेव. त्यांना जाळी एकटीने उचलू दे, ट्रॅप काढू दे, हात घालून कोपरा घासू दे, पुन्हा बसवू दे. त्या 'जमतंय' म्हणाल्या तरच सही कर. त्यांनी नापसंत केलेली नाली मी, इंजिनिअरने किंवा बँकेच्या माणसाने कितीही वाखाणली तरी घेऊ नकोस. ज्यांच्या हातून ती स्वच्छ राहणार आहे, निवडीचा अधिकार त्यांचाच.

कोबा टाकायच्या आधी दोन रंगांच्या बाणांचा नकाशा मला पाठव. 

तुझा,
मामा