कार्यप्रणाली बदलताना मराठी दप्तराची काळजी

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीचे, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीमचे, नियमित साहाय्य थांबविले. तिच्या पुढील ‘विंडोज ११’ला किमान ४ जीबी स्मृती आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. परिणामी चालू स्थितीतील अनेक जुने संगणक या बदलास अपात्र ठरले आहेत. छत्रपती संभाजीनगरमधील पुंडलिकनगरसारख्या वस्तीतील शाळा असो की तालुक्याच्या टोकाची ग्रामपंचायत, नवा संगणक घ्यावा की आहे त्यावरच लिनक्स बसवावे, हा प्रश्न उभा राहतो. लिनक्स विनामूल्य मिळते. केरळमधील शासकीय शाळांत ते अनेक वर्षे वापरात आहे. सी-डॅक या आपल्या राष्ट्रीय संस्थेनेही त्यावर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणाली तयार केली आहे.

मात्र निवड कोणतीही असो, पहिला विचार यंत्राचा नव्हे, दप्तराचा व्हावयास हवा. आपल्याकडे वर्षानुवर्षे जे मराठी टंकलेखन झाले, त्यातील बराच भाग संगणकाच्या दृष्टीने मराठी नाहीच. ‘कृतिदेव’ फॉन्टमध्ये लिहिलेला ‘काम’ हा शब्द यंत्रात डी, के, ई अशा तीन रोमन अक्षरांच्या रूपाने साठविलेला असतो; फॉन्ट त्यांवर केवळ देवनागरीचा मुखवटा चढवितो. नव्या प्रणालीत तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो आणि ठरावाच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसू लागतात. दप्तर नष्ट झालेले नसते. पण वाचता येत नाही, हे ग्रामसभेत नक्कल मागणाऱ्या नागरिकास सांगून काय उपयोग!

याउलट १९९१ पासून प्रचारात आलेल्या युनिकोड पद्धतीत प्रत्येक देवनागरी अक्षरास स्वतःचा क्रमांक आहे. असा मजकूर विंडोज, लिनक्स वा भ्रमणध्वनी, कोठेही मराठीच राहतो. आपली फाईल कोणत्या जातीची आहे हे ओळखणे सोपे आहे. मजकूर निवडून त्यास ‘एरियल’ हा फॉन्ट लावावा. अक्षरे मराठीच राहिली तर युनिकोड. रोमन झाली तर जुना फॉन्ट. जुन्या फॉन्टच्या फाईलींचे रूपांतर जुनी प्रणाली चालू असतानाच करून घ्यावे, म्हणजे मूळ मजकूर डोळ्यांसमोर ठेवून ताडता येतो.

हे ताडणे टाळू नये. ऱ्हस्व इकार, रफार आणि जोडाक्षरे यांत रूपांतर हमखास चुकते. ‘दऱ्या’चे ‘दर्या’ झाले तर डोंगरातील वस्ती समुद्रात जाते! व्यक्तींची नावे, गट क्रमांक आणि रकमा तर ओळीओळीने तपासाव्यात. कोष्टकातील देवनागरी अंक काही वेळा संख्या न मानता मजकूर मानले जातात व बेरीज चुकते. म्हणून ती कागदी प्रतीशी जुळवून पाहावी.

कळफलकाबाबत प्रस्तुत लेखकाचे मत स्पष्ट आहे: इनस्क्रिप्ट शिकावा. त्यात स्वर व मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. ‘क’च्याच कळेवर शिफ्टसह ‘ख’, ‘ग’च्या कळेवर ‘घ’. ‘र’च्या कळेवर शिफ्टसह ‘ऱ’ मिळतो. त्यापुढे हलन्त व ‘य’ दिल्यास ‘ऱ्य’ उमटतो. हा आराखडा सर्व प्रमुख प्रणालींत अंगभूत असतो. टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्या ज्येष्ठ लिपिकांना आरंभी तो जड जातो, हे खरे. पण एकदा बोटांत बसला की प्रणाली बदलली तरी पुन्हा शिकावे लागत नाही. भाषा बदलण्यासाठी विंडोजमध्ये विंडोज-कळ व स्पेस एकत्र दाबतात. उबुंटू या लिनक्स प्रकारातही हीच जोडी चालते.

फाईलींच्या नावांकडेही लक्ष हवे. तिरकी रेघ, अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह ही चिन्हे विंडोज नावात स्वीकारीत नाही. लिनक्समध्ये रोमन लिपीतील लहान-मोठी अक्षरे भिन्न मानली जातात. पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने सिद्ध केल्यास दोन्हीकडे वाचता येतो.

लिनक्स थेट बसविण्यापूर्वी ते पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. त्याने संगणकातील मूळ प्रणालीस धक्का लागत नाही. त्या वेळी मुद्रक, स्कॅनर आणि विशेषतः डिजिटल स्वाक्षरीचे टोकन चालते काय, हे पाहावे. टोकनाचा चालक लिनक्ससाठी उपलब्ध नसेल तर देयके अडतील. अशा कार्यालयाने स्वाक्षरीसाठी एक विंडोज संगणक राखून ठेवणे इष्ट. सर्व फाईलींच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून मगच जुनी प्रणाली काढावी, आणि हे काम मार्चअखेरच्या धांदलीत हाती घेऊ नये.