‘कुठे झालं?’

मी मूळची सांगलीची. इंटर्नशिप महाराष्ट्रात केली आणि गेली बारा वर्षं वेल्समधल्या कार्डिफ शहरात अपघात विभागात डॉक्टर आहे. इथलं रग्बीचं स्टेडियम शहराच्या अगदी मधोमध आहे. सत्तर हजारांहून जास्त माणसं त्यात मावतात आणि बाहेर पडलं की लगेच पबांची रांग. सामन्याचा दिवस असो वा साधा शनिवार, मध्यरात्र उलटली की आमच्याकडे फुटलेले ओठ, मोडलेले जबडे, काचेनं चिरलेले गाल यायला लागतात. टाके घालता घालता जे उमगलं, ते इथे लिहिते आहे.

१. पोलिसांच्या वहीत सगळं उतरत नाही

हे आकड्यांनिशी दाखवून दिलं ते कार्डिफमध्येच, चेहऱ्याच्या आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया करणारे प्रा. जोनाथन शेफर्ड यांनी. मारहाणीत जखमी होऊन रुग्णालयात आलेल्या कितीतरी जणांची पोलिसांकडे नोंदच नसते, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यामागची कारणं मी दर शनिवारी ऐकते. ‘मारणारा कोण, माहीत नाही.’ ‘तक्रार केली तर पुन्हा गाठतील.’ ‘मीही प्यायलो होतो, उगाच लफडं नको.’ पोलिसांना न सांगितलेली जखम आमच्यासमोर मात्र उघडी असते.

२. ‘कुणी’च्या आधी ‘कुठे’ विचारा

एका रात्री विशीतला एक मुलगा गालावर कागदी रुमालांचा गठ्ठा दाबून खिडकीशी उभा होता. रिसेप्शनवरच्या बाईंनी नाव लिहून घेतलं आणि विचारलं, “कुठे झालं, बाळा?”

“टाउनमध्ये.”

“टाउनमध्ये कुठे?”

“पबपाशी.”

“आत, की दाराबाहेर?”

तो जरा थांबला. “बाहेर. पब बंद झाल्यावर. चिप्सच्या दुकानापुढच्या रांगेत.”

मग किती वाजता, कशानं मारलं, किती जण होते. सगळं मिळून जेमतेम एक मिनिट. बाई ‘टाउनमध्ये’ एवढ्यावरच थांबल्या असत्या, तर ती नोंद कुणाच्याच कामी आली नसती. ‘अमक्या रांगेत, रात्री अडीचला’ असं लिहिलं की तिथे काय बदलायचं ते दिसायला लागतं.

३. नाव वगळा, जागा पुढे कळवा

आपल्याकडे कॅज्युअल्टीत एमएलसीची, म्हणजे मेडिको-लीगल केसची, नोंद होते. ती चौकीसाठी आणि कोर्टासाठी असते आणि ती हवीच. पण इंटर्न असताना मी अशा कितीतरी नोंदी लिहिल्या आणि एकाच बारपुढून किती जण आले हे एकदाही मोजलं नाही. याची मला आज खंत वाटते. माझ्या हातातली वही न्याय मागायला उपयोगी होती. पुढची मारामारी टाळायलाही ती उपयोगी पडेल, हे तेव्हा सुचलंच नाही. कार्डिफमध्ये रुग्णाचं नाव-गाव काढून टाकतात आणि फक्त जागा, वेळ, हत्यार एवढंच पुढे जातं. रुग्णाचा विश्वास राहतो आणि शहरालाही माहिती मिळते.

४. कागद पाठवून भागत नाही, समोरासमोर बसावं लागतं

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात इथे पोलीस, नगरपालिका आणि रुग्णालय यांचा एक गट उभा राहिला. ते नियमितपणे एकत्र बसतात आणि जखमांचा नकाशा पुढ्यात ठेवतात. त्यातून पोलिसांच्या गस्तीच्या जागा बदलल्या, कॅमेरे योग्य ठिकाणी लागले, वारंवार मारामारी होणाऱ्या पबांच्या मालकांना जाब द्यावा लागला, पबांच्या रस्त्यावर वाहनं बंद झाली, रात्री उशिराच्या बस वाढल्या. बैठकीला डॉक्टरनं स्वतः जावं, हे मी तिथेच शिकले. ठिपक्यांचा नकाशा पाहून बारमालक हुज्जत घालू शकतो. पण त्या ठिपक्याला काल रात्री टाके घालणारी बाई समोर बसलेली असली, की बोलण्याचा सूर बदलतो.

५. हेतू चांगला असला तरी तपासून पाहा

फुटलेला पिंट ग्लास चेहऱ्यावर आयुष्यभराची खूण ठेवून जातो. म्हणून शेफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जास्त कठीण केलेल्या काचेचे ग्लास बारमध्ये देऊन रीतसर चाचणी घेतली. २००० साली निष्कर्ष छापून आले ते उलटे होते. त्या ग्लासांमुळे बारच्या कर्मचाऱ्यांना जास्त जखमा झाल्या, कारण ती काच नीट कडक झालेलीच नव्हती. हे त्यांनी लपवलं नाही, याबद्दल मला फार आदर वाटतो. जिथे धोका जास्त, तिथे प्लॅस्टिकचे ग्लास देणं, हाही अशा जखमा टाळण्याचा एक उपाय आहे.

६. भांडण पेटतं ते बहुधा रांगेत

प्यालेली माणसं, भूक, थंडी आणि न येणारी टॅक्सी. एवढं जमलं की धक्का लागायचं निमित्त पुरतं. म्हणून पब सुटल्यावर गर्दी लवकर पांगवणं हे वैद्यकीय काम आहे, असं मी मानते. २००३ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या ‘स्ट्रीट पास्टर्स’ या उपक्रमाचे स्वयंसेवक रात्री रस्त्यावर पाणी देतात, उंच टाचांचे बूट हातात घेऊन अनवाणी चालणाऱ्या मुलींना साध्या चपला देतात, एकट्या पडलेल्याजवळ थांबतात.

७. फरक पडतो

२०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये कार्डिफची तुलना तशाच १४ शहरांशी केलेली होती. मारहाणीमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण कार्डिफमध्ये दर लाख लोकसंख्येमागे महिन्याला ७ वरून ५ वर आलं. इतर शहरांत ते ५ वरून ८ वर गेलं. या आकड्यांमागचे न मोडलेले जबडे मला दिसतात.

गेल्या दिवाळीत गावी आले, तेव्हा कॅज्युअल्टी सांभाळणाऱ्या मैत्रिणीच्या वहीत आम्ही पेन्सिलीनं एक जादा रकाना आखला: ‘नेमकी जागा’. परवा तिचा फोन आला. “अगं, एकाच चौकाचं नाव पुन्हा पुन्हा येतंय. आता हे सांगू कुणाला?”

मी म्हटलं, “ठाण्याच्या साहेबांना, नगरपालिकेला, उत्पादन शुल्कवाल्यांना आणि त्या चौकातल्या बारमालकाला. पण एकेकाला नको. सगळ्यांना एकाच दिवशी चहाला बोलाव, आणि वही तू स्वतः घेऊन जा.”