आधी प्लग बघ, मग ओव्हन

पिंपळे सौदागरच्या नव्या फ्लॅटसाठी किचनवाल्यानं शंतनूला एक नकाशा दिला. त्यात उंच कपाटाच्या मधोमध एक चौकट होती आणि आत लिहिलं होतं, ‘स्पीड ओव्हन’. तो नकाशा घेऊन शंतनू सांगलीला आत्याकडे आला. आत्या वीसेक वर्षं घरातून केक-नानकटाईच्या ऑर्डरी घेते, आणि घरात कुणाचा मिक्सर बिघडला तरी पहिला फोन तिलाच येतो.

शंतनू : आत्या, हे नक्की काय प्रकरण आहे? मायक्रोवेव्हच ना?

आत्या : अर्धा मायक्रोवेव्ह, अर्धी भट्टी. आत लहरी सोडणारा मॅग्नेट्रॉन, पाठीमागं तापणारी कॉइल आणि पंखा, वर ग्रिल. हे सगळं एकाच वेळी चालतं, तीच त्याची गंमत.

शंतनू : तुझ्या त्या कॉन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्येही ही सोय आहे की.

आत्या : आहे ना. जात एकच, पण माझा भट्टीच्या बाजूनं लेचापेचा. स्पीड ओव्हन हॉटेलवालेही वापरतात. सबवेनं सँडविच झटपट भाजायला २००४च्या सुमारास टर्बोशेफचे घेतले. अमेरिकेत घरगुती ओट्यावर जीईचा ॲडव्हान्शियम १९९९मध्येच आला होता, त्यात हॅलोजनचे दिवे होते. आपल्याकडे दुकानात ‘स्पीड ओव्हन’ म्हणालास तर पोरगा तोंडाकडे बघत राहील. ‘मायक्रोवेव्हवाला बिल्ट-इन ओव्हन’ म्हण.

शंतनू : पण दोन्ही एकदम कशाला चालवायचं?

आत्या : बटाटा घे. मायक्रोवेव्हच्या लहरी दोन-तीन सेंटिमीटर आत शिरतात आणि पाणी तापवतात. पाणी आहे तोवर पदार्थ शंभर अंशांच्या आसपासच राहतो. खरपूस रंग यायला वरचा पापुद्रा कोरडा होऊन १४० अंशांच्या पुढं जावा लागतो. माइयार नावाच्या फ्रेंच माणसानं १९१२मध्ये ही रंग चढण्याची क्रिया मांडली. म्हणून नुसत्या मायक्रोवेव्हमधला बटाटा शिजतो, पण उकडल्यासारखा पांढराफटक. नुसत्या ओव्हनमध्ये तो खमंग होतो, पण तासभर लागतो. दोन्ही जोडलंस की आतून लहरी शिजवतात, बाहेरून गरम वारा भाजतो, आणि काम निम्म्या वेळात होतं. भरली ढोबळी मिरची, चिकन, कालच्या पिझ्झाचा तुकडा, सगळ्यांना हे मानवतं.

शंतनू : आणि केक?

आत्या : केकला घाई चालत नाही रे! पीठ हळूहळू फुगून बसावं लागतं. केक, पाव, नानकटाई नुसत्या कॉन्व्हेक्शनवर. तिथं ‘स्पीड’ शब्दाला काही अर्थ नाही. गोव्याच्या बेबिंकासारखं काही करणार असशील तर ग्रिल कामाला येतं, कारण तिचा एकेक थर वरच्या आचेवरच भाजायचा असतो.

(आत्या उठली. मायक्रोवेव्हमधलं फिरतं चाक काढलं, मधे उपडी वाटी ठेवून तिच्यावर काचेची ताटली स्थिर बसवली आणि ताटलीवर उडदाचे चार कच्चे पापड पसरले. पाऊण मिनिटानं दार उघडलं. पापड काही ठिकाणी टम्म फुगले होते, मधेमधे पिवळे, कच्चेच.)

आत्या : मोज अंतर.

शंतनू : दोन फुगवट्यांत... पाच-सहा सेंटिमीटर.

आत्या : लहरीची लांबी बारा सेंटिमीटर, तिच्या निम्मी. म्हणून ताटली फिरवावी लागते. महागड्या ओव्हनमध्ये तळ सपाट असतो आणि फिरतो तो खालचा अँटेना. फायदा काय? फिरत्या ताटलीवर चौकोनी ट्रे भिंतीला अडकतो. माझा नानकटाईचा लांबट ट्रे या ओव्हनमध्ये कधी गेलाच नाही. दुकानात जाताना टेप आणि घरातला सगळ्यात मोठा ट्रे घेऊन जा. लाज वाटू देऊ नकोस. लिटरच्या आकड्यावरून काही कळत नाही.

शंतनू : वॉट किती बघायचे?

आत्या : दोन आकडे असतात. एक पदार्थाला मिळणारी मायक्रोवेव्हची ताकद, साधारण ९०० किंवा १०००. दुसरा, प्लगमधून ओढली जाणारी वीज. विक्रेता मोठा आकडा दाखवून खूश करतो. ताकद घरी ताडून बघता येते. हजार वॉट म्हणजे एक लिटर पाणी दहा अंशांनी तापायला ४२ सेकंद. भांडंही थोडी उष्णता खातं, म्हणून जास्तीत जास्त पाऊण मिनिट धर. दीड मिनिट लागलं तर मॅग्नेट्रॉन म्हातारा झाला असं समज.

शंतनू : आणि प्लगचा आकडा?

आत्या : तोच खरा. नकाशा दे इकडं. या चौकटीमागं कुठला पॉइंट आहे?

शंतनू : किचनवाला म्हणाला, मिक्सरच्या बोर्डवरून वायर ओढू.

आत्या : त्याला सांग, नको! मिक्सरचा पॉइंट सहा ॲम्पिअरचा. हे ओव्हन तीन हजार वॉटच्या पुढं जातात. २३० गुणिले १६ म्हणजे ३६८०, म्हणून सोळा ॲम्पिअरचा पॉवर पॉइंट हवा. तोही स्वतंत्र, थेट मेन डीबीतून, चार स्क्वेअर एमएमची वायर आणि स्वतःचा एमसीबी. त्यावर फ्रिज नको, गीझर नको. एक्स्टेंशन बोर्डचं तर नावच काढू नकोस. आणि टाइल्स लावायच्या आधी, कारण नंतर भिंत फोडावी लागते.

शंतनू : चौकटीचं माप साठ बाय पंचेचाळीस आहे.

आत्या : ठीक आहे, असल्या ओव्हनचं हेच माप. पण कंपनीनं मागं आणि वर जितकी हवा सोडायला सांगितलीय तितकी सोड, सुतारावर विसंबू नकोस. आणि चौकट छातीच्या उंचीवर ठेव. नकाशात ती डोक्यावर आहे. उकळता रस्सा डोक्यावरून खाली घेणार आहेस का?

शंतनू : आमची स्टीलची भांडी चालतील?

आत्या : नुसत्या कॉन्व्हेक्शनवर चालतात. मायक्रोवेव्ह सुरू असताना, त्याच कंपनीचा ट्रे असेल आणि पुस्तिकेत ‘चालेल’ लिहिलं असेल तरच. ओव्हनची उष्णता सोसणारं काचेचं भांडं असेल तर ते दोन्हीकडं चालतं.

शंतनू : बिघडला तर?

आत्या : तीच माझी मोठी तक्रार. आत बाजूच्या भिंतीला पुठ्ठ्यासारखी मायका शीट असते. तिच्यावर तेल उडून जळलं की ठिणग्या उडतात. माझ्या मागच्या ओव्हनचं तेवढंच झालं होतं, शीट बदलून भागलं असतं. एका सर्व्हिसवाल्यानं तो दोन महिने अडकवून ठेवला आणि ऐन दिवाळीच्या ऑर्डरी माझ्या हातून गेल्या. तेव्हापासून ती शीट आठवड्याला ओल्या फडक्यानं पुसते. मागचं झाकण मात्र स्वतः उघडू नकोस. प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये विजेचा जीवघेणा दाब राहू शकतो.

शंतनू : मग घेऊ की नको?

आत्या : तुम्ही दोघं. रोज डबे गरम करणार, रविवारी एखादा केक. ओट्यावर जागा असती तर म्हटलं असतं, एक ओटीजी, म्हणजे नुसती छोटी भट्टी, घे आणि एक छोटा मायक्रोवेव्ह. बरेच पैसे वाचतात, एक बिघडला तरी दुसरा चालू राहतो, आणि भाज्या भाजता भाजता दूधही तापतं.

शंतनू : ओट्यावर मिक्सर आणि पाण्याचा फिल्टर सोडला तर ताट ठेवायलाही जागा नाही.

आत्या : मग स्पीड ओव्हनच घे, पण सपाट तळाचा, आणि पिंपरी-चिंचवडमध्ये ज्याचा सर्व्हिसवाला आहे असा. बुकिंग करायच्या आधी त्याला फोन करून विचार, मायका शीट किती दिवसांत मिळते. आणि आजच वायरमनला बोलाव. ओव्हनचं दुकान पुढच्या महिन्यातही उघडंच असेल, पण तुझ्या भिंतीवर टाइल्स सोमवारी लागणार आहेत.