सावतोबांचा मळा आणि पुण्याच्या टेकड्या

सावता महाराज अरणचे. मळा टाकून ते पंढरीस गेले नाहीत, असे संप्रदायात परंपरेने सांगतात. उलट त्यांच्या पुण्यतिथीच्या उत्सवाला पांडुरंगाची पालखीच अरणला जाते. हा दृष्टांत आपण कीर्तनात पुष्कळदा ऐकतो, आणि घरबसल्या भागते असा सोयीचा अर्थ काढून मोकळे होतो. तसे नव्हे. मळ्याला रोज पाणी लागते. त्या रोजच्या पाण्यात महाराजांचा नेम होता.

हे आठवायचे कारण पुण्यात चाललेले एक काम. वारज्याची १६.८ हेक्टर वनजमीन उघडी पडली होती. वनखाते आणि नागरिक यांनी मिळून २०१५ सालापासून तेथे झाडे वाढवली. ५ जून २०२० रोजी केंद्र शासनाने दोनशे शहरांसाठी नगरवन योजना जाहीर केली, तेव्हा वारज्याचेच उदाहरण पुढे ठेवले. इतर टेकड्यांवरही पहाटे फिरायला जाणारी मंडळी पाण्याचे कॅन वर नेतात आणि रोपांना घालतात. ना पगार, ना पाटी.

लवकर हिरवे दिसावे म्हणून पूर्वी या टेकड्यांवर गिरिपुष्प फार लावले गेले. हिरवे झाले खरे, पण पाखरांच्या चोचीत काय पडले? म्हणून आम्हांस जांभूळ, आवळा, कवठ, भोकर, उंबर, करवंद ही आपल्या मातीतली झाडे बरी वाटतात. मुरमात दीड-दोन हात खड्डा घ्यावा, माती व शेणखत भरावे, आळे करून वर पालापाचोळा पसरावा. जागा वनखात्याची की महापालिकेची ते आधी विचारून परवानगी घ्यावी. भक्तीच्या भरात परक्या जागेत कुदळ मारू नये!

आषाढात रोप लावायला गर्दी होते, फोटो निघतात. खरी परीक्षा माघापासून वैशाखापर्यंत. निदान पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी हवेच, शिवाय वाळल्या गवताला वणवा लागू नये म्हणून भोवतीची जागा साफ हवी. एका एकादशीला उपास करून वर्षभर विसरणाऱ्याला आपण वारकरी म्हणत नाही. इथेही तोच न्याय. दिंडीने माणसे वाटून घ्यावी, आठवड्याचा वार ठरवावा. पन्नास रोपे लावून सोडण्यापेक्षा पाच जगवलेली आम्ही मोठी मानतो.

आता फळाचा प्रश्न, आणि तो नाजूक आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आंबा-फणसासारखी झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखास पार नाही, असा विचार आहे. तिथे झाडाला धनी होता. टेकडीवरच्या झाडाला धनी नाही. ज्याने पाणी घातले त्याला फळ मिळेलच असे नाही. बीपासून वाढलेले जांभूळ धरायला आठ-दहा वर्षे घेते, तोवर पाणी घालणारा कुठे असेल कोण जाणे! काल्यात आपण काय करतो? लाह्या कुणाच्या, दही कुणाचे, हे कुणी विचारत नाही. सार्वजनिक झाडाचे फळ तसेच धरावे. मात्र काला होण्याआधीच हंडीत हात घालू नये: कच्ची फळे झोडपू नयेत, फांद्या मोडू नयेत, शेंड्याची फळे पाखरांना ठेवावी.

जांभूळ पिकते ज्येष्ठात, माउली आणि तुकोबा यांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात त्याच सुमारास.