सायकलचे हेल्मेट: वारा, घाम आणि डॉलर

उन्हाळा आला की मुलांच्या सायकली गराजमधून बाहेर निघतात आणि दुकानात प्रश्न पडतो, हेल्मेट महागडे घ्यावे की साधे? मी इंजिनिअर असल्याने किमतीमागचे कारण शोधले.

स्पेशलाइज्ड कंपनीने २०१३ साली कॅलिफोर्नियात मॉर्गन हिल येथे स्वतःचा विंड टनेल उभारला. अशा बोगद्यात मोठ्या पंख्यांचा वारा सोडून हेल्मेट हवेला किती अडवते ते मोजतात. हा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३० मैलांना तो १० मैलांच्या ९ पट असतो. १९८९ ची टूर द फ्रान्स ग्रेग लेमाँडने अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली. शेवटच्या टप्प्यात त्याने निमुळते हेल्मेट घातले होते. शर्यतीत याचे मोल आहे, आपल्या गल्लीत नाही.

हवा खेळते का, हे पाहण्यासाठी वाऱ्यात तापवलेले कृत्रिम डोके ठेवतात. त्याचे तापमान टिकवायला जितकी जास्त वीज लागेल, तितके ते हेल्मेट थंड. हा गुण मात्र आपल्या कामाचा, कारण घामाने त्रासलेले मूल हेल्मेट काढून टाकते.

सुरक्षिततेची किमान कसोटी स्वस्त-महाग सर्वांना एकच: १९९९ पासून लागू असलेले सीपीएससी मानक. तेव्हा आतले लेबल पाहावे, हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर बसवावे, पट्टा नीट आवळावा आणि जोराचा आपटा बसला की ते बदलावे. वाचलेले डॉलर मुलांच्या कॉलेजच्या खात्यात टाकावेत!