जोडीदार

कोल्हापूरच्या पोहण्याच्या तलावात पाण्याखाली श्वास घेण्याचे शिक्षण पुरे करून आमच्या पाणबुड्यांच्या मंडळातील आठ जण मे महिन्यातल्या एका शनिवारी पहाटे मालवणास येऊन पोहोचलो. समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा होता. त्याची पायाभरणी शिवछत्रपतींनी १६६४ साली केली, हे आम्ही शाळेत शिकलो होतो. त्याच्या तटाजवळच्या पाण्यात प्रवाळांची वस्ती आहे, हे मात्र आम्हांला फार उशिरा कळले. ती वस्ती पाहण्यासाठीच आम्ही आलो होतो.

शनिवार उथळ पाण्यात उजळणी करण्यात गेला. पाणबुड्याच्या पाठीवरील टाकीत निव्वळ प्राणवायू असतो, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नव्हे. आमच्या टाक्यांत आपण सारे घेतो तीच हवा दाबून भरलेली होती. कूस्तो व गान्याँ या दोघा फ्रेंच गृहस्थांनी १९४३ साली तयार केलेल्या झडपेची युक्ती अशी, की भोवतालच्या पाण्याचा दाब जेवढा असेल तेवढ्याच दाबाने हवा तोंडात येते.

सायंकाळी आमच्या प्रमुखांनी विचारले, "कोणाला सर्दी, पडसे?"

माझे नाक सकाळपासून चोंदले होते. पण मी गप्प राहिलो. पाऊस सुरू झाला की हा समुद्र पाणबुड्यांना बंद होतो, आणि पुन्हा संधी यावयाची ती ऑक्टोबरात!

पाण्याखाली कोणी एकट्याने जावयाचे नाही, असा नियम आहे. माझ्या जोडीला एक परिचारिका होत्या. आम्ही त्यांना ताई म्हणत असू. ही दोन दिवसांची रजा त्यांनी मोठ्या मिनतवारीने मिळवली होती.

रविवारी होडी किल्ल्याजवळ नांगरली. माझी घाई पाहून तांडेल हसून म्हणाला, "सावकास उतरा. दर्या खंय पळान जाणा नाय!"

नांगराच्या दोराला धरून आम्ही उतरू लागलो. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. कानाच्या पडद्यामागे हवेची एक लहानशी पोकळी असते आणि एक नळी तिला घशाशी जोडते. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकले, की त्या नळीतून हवा आत जाते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. पडशाने ती नळी सुजली असेल, तर कितीही फुंका, हवा जात नाही. बाहेरचे पाणी पडद्याला आत रेटीत राहते.

चार मीटरवर माझ्या कानात सुई टोचावी तशी कळ आली. मी फुंकून पाहिले. उपयोग झाला नाही. खाली खडकावर पिवळे-काळे पट्टे असलेल्या माशांचा थवा फिरत होता. आणखी थोडे सोसावे, असे वाटले. इतक्यात ताईंनी माझ्याकडे वळून पाहिले. मी हात आडवा हलवून कानाकडे बोट केले. त्यांनी मला एक हात वर घेतले व पुन्हा फुंकावयास लावले. तरीही जमेना. त्यांनी क्षणभर त्या थव्याकडे पाहिले आणि अंगठा वर केला. पाण्याखाली त्या खुणेचा अर्थ एवढाच, की आता वर चला. श्वास न रोखता आम्ही हळूहळू वर आलो.

होडीत बसल्यावर मी सारे सांगून टाकले. ताईंना दुसऱ्या जोडीबरोबर पाठवावे, तर त्या सर्वांच्या टाक्या निम्म्याहून अधिक रिकाम्या झालेल्या होत्या.

"पडदा फाटला असता, तर किती दिवस ऐकू आले नसते, ठाऊक आहे?" एवढेच त्या म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावर टॉवेल टाकून वर येणाऱ्यांच्या टाक्या उचलावयास गेल्या.

परतताना प्रत्येकाने आपल्या वहीत नोंद केली. ताईंनी लिहिले : खोली ४ मीटर, वेळ ३ मिनिटे. माझ्याही वहीत तेच आकडे होते. त्यांपुढे मी आणखी एक शब्द लिहिला : पडसे. मग वही प्रमुखांच्या हाती दिली.